दिव्यावरचा बारका पतंग: नाव शोधायचं आणि पत्ताही

आधी एक घोटाळा मिटवते. मोबाईलवर मराठीत ‘पतंग’ शोधलंत तर संक्रांतीचे पतंग, मांजा आणि फिरकी समोर येते. ‘पाकोळी’ शोधलंत तर आभाळात गिरक्या घेणारा पक्षी येतो. मला सांगायचंय ते त्या पतंगाबद्दल, जो पावसाळ्यात ओटीवरच्या दिव्याभोवती घिरट्या घालतो, सकाळी भिंतीला चिकटून बसतो आणि आठ वाजायच्या आत केरसुणीने उंबऱ्याबाहेर जातो. त्यातलेही तळहाताएवढे, बघताक्षणी ‘अगंबाई’ म्हणायला लावणारे नव्हेत. अंगठ्याच्या नखाएवढे आणि त्याहून बारके.

मी चिपळूणजवळच्या एका गावात राहते. कीटकशास्त्र शिकलेली नाही. चार वर्षांपूर्वी आषाढातल्या एका संध्याकाळी ओटीवर एक तपकिरी पतंग बसला होता, पंखांवर पांढरे पट्टे. फोटो काढला, ॲपने तीन-चार नावं सुचवली, त्यातलं एक मला पटलं आणि मी ते वहीत पेनाने लिहून टाकलं. पुढचा पावसाळा येईपर्यंत ते नाव चुकीचंच वहीत बसून होतं. मग जे शिकले ते इथे पायरीपायरीने मांडते. तुमचं एक वर्ष वाचेल.

अवघड का आहे तेही आधीच सांगते, म्हणजे हिरमोड होणार नाही. भारतात फुलपाखरांच्या साधारण १,३०० जाती आहेत. पतंगांच्या १०,०००हून अधिक. फुलपाखरांची चित्रमय पुस्तकं मराठीतही मिळतात. बारक्या पतंगांसाठी अजूनही १८९२ ते १८९६ या काळात आलेल्या जॉर्ज हॅम्प्सनच्या चार खंडांकडे वळावं लागतं, आणि त्यातही अगदी बारके जवळजवळ नाहीतच. त्यांच्यातल्या हजारो जातींचं वर्णन एडवर्ड मेरिक नावाच्या इंग्लंडमधल्या एका शाळामास्तरने केलं. वर्णनं चार-सहा ओळींची आणि बहुतेक ठिकाणी चित्र नाही. त्यामुळे फोटोवरून नाव लागलं नाही तर दोष तुमच्या डोळ्यांचा असेलच असं नाही.

१. सामान जमवा

महागडं काही लागत नाही. माझ्याकडे आहे ते असं:

- पांढरी सुती चादर किंवा जुनं धोतर. नायलॉनवर पाय घसरतात, पतंग टिकत नाहीत.
- दिवा. त्याबद्दल पुढे.
- मोबाईल आणि त्यावर लावायची क्लिपची मॅक्रो भिंग. दोनशे-तीनशे रुपयांचीही चालते.
- दहापट मोठं दाखवणारं हातभिंग, घड्याळजी वापरतात तसलं.
- शाळेच्या आलेख वहीचा एक कागद, एक मिलिमीटरच्या चौकटींचा.
- झाकणाच्या पारदर्शक डब्या. मिठाईच्या दुकानात चटणीला देतात त्या उत्तम.
- वही आणि पेन्सिल. पेन पावसात फुटतं, आणि चुकीचं नाव खोडता येत नाही.

कागदपत्रांचं म्हणाल तर स्वतःच्या अंगणात कसलीच गरज नाही. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानात मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पडदा लावू नका, किडे पकडूही नका. गावाबाहेरच्या माळावर किंवा देवराईपाशी जायचं असेल तर पोलीस पाटलांच्या कानावर घाला. रात्री दहा वाजता पांढरा पडदा आणि निळसर उजेड लांबून दिसला की गावात काय काय बोललं जातं हे मी ऐकलंय.

२. तो पतंगच आहे ना, बघा

हसू नका. माझ्या पहिल्या तीसेक फोटोंत चार पतंग नव्हतेच.

न्हाणीघरात टाईल्सवर बदामाच्या आकाराची, केसाळ, करडी माशी बसते. ती माशीच आहे, तिला दोनच पंख असतात आणि तिच्या अळ्या मोरीच्या गाळात वाढतात. नदीजवळ राहणाऱ्यांची दुसरी फसगत होते: लांब मिशा पुढे काढून, पंख कौलासारखे उतरते ठेवून बसणारा एक मळकट किडा. त्याच्या अळ्या पाण्यात राहतात. भिंगातून बघा, त्याच्या पंखांवर खवले नसून केस असतात. पतंगाच्या पंखांवर खवलेच असतात. बोटाला लागणारी पूड म्हणजे तेच. तिसरे तुडतुडे. टाचणी लावली की टुणकन उडाले तर ते तुडतुडे.

फुलपाखरू की पतंग, हे मिशांवरून कळतं. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी. याला अपवाद आहेत, पण बारक्या पतंगांत ते तुम्हाला आड येणार नाहीत.

३. दिवा, पडदा आणि रात्र निवडणं

पतंग दिव्याकडे ‘झेपावतो’ असं कवी सांगत आले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जलद कॅमेऱ्यांनी टिपलेलं दृश्य वेगळंच निघालं. उडताना किडा आपली पाठ उजेडाकडे ठेवतो, कारण एरवी उजेड वर आभाळातच असतो. दिवा बाजूला आला की पाठ तिकडे वळवण्याच्या नादात तो गोल गोल फिरत राहतो. म्हणजे प्रेमबिम काही नाही, बिचाऱ्याला वर-खाली कळेनासं होतं.

साध्या एलईडी बल्बवर फारसं काही येत नाही, त्यात अतिनील किरण नसल्यासारखेच असतात. जुना सीएफएल बरा. अतिनील एलईडी पट्टी मिळाली तर त्याहून बरी, पण तिच्याकडे टक लावून बघू नका. पाऱ्याच्या वाफेचा मोठा दिवा सगळ्यात जास्त गर्दी खेचतो. तो इतका तापतो की पावसाचा एक थेंब पडला तरी काच तडकते. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

रात्र ढगाळ, उबदार, वारा पडलेला आणि अमावास्येच्या आसपासची असावी. पौर्णिमेला पडदा रिकामा राहतो. आमच्याकडे दीप अमावास्येच्या सुमारास सगळ्यात चांगली गर्दी होते: पितळी दिवे घासूनपुसून देवापुढे मांडायचे आणि बाहेर ओटीवर आपला दिवा लावायचा. जुलैचा शेवटचा पूर्ण आठवडा २०१२पासून राष्ट्रीय पतंग सप्ताह म्हणून पाळला जातो, तोही बऱ्याचदा याच दिवसांत येतो.

साडेसात ते दहा पुरे. त्यानंतर दिवा बंद करा, म्हणजे आलेल्यांना जाता येईल. रात्रभर दिवा ठेवला तर सकाळी पालींचं आणि बुलबुलांचं जेवण होतं, तुमच्या वहीत काही जमा होत नाही.

दोन गोष्टींची खरी काळजी घ्या. पावसाळ्यात दिव्यावर नारिंगी-काळ्या रंगाचा, मुंगीसारखा लांबट भुंगेरा येतो. मानेवर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा. चिरडला की त्याच्या अंगातल्या द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते. दुसरं, दिव्यावर किडे आले की बेडूक येतात, आणि बेडकांमागे कोण येतं ते कोकणात सांगायला नको. फुरशाच्या मुलखात चादरीखाली अनवाणी उभं राहायचं नाही, हातात बॅटरी हवीच.

४. फोटो चार, आणि एक मोजमाप

माझी पहिली चूक इथलीच. मी बाजूने एकच फोटो काढला होता, त्यात पंखावरचा पट्टा अर्धाच दिसत होता, आणि त्या अर्ध्या पट्ट्यावर मी नाव ठरवलं.

पहिला फोटो बरोबर वरून, मोबाईल पंखांना समांतर धरून. दुसरा बाजूने, बसण्याची ढब कळेल असा. तिसरा तोंडाचा: तोंडापुढे जी दोन छोटी शिंगं दिसतात, ती सरळ पुढे गेलीत की विळ्यासारखी वर वळलीत, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. चौथा जमलाच तर खालून, डबीत घालून काचेच्या बाजूने. फ्लॅश थेट मारला तर खवले चमकून रंगच बदलतो. बाजूने बॅटरी धरायला कुणाला तरी बोलवा.

पतंग स्वस्थ बसत नसेल तर डबीत घालून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजर नव्हे. गारव्याने तो सुस्तावतो, बाहेर काढल्यावर दोन-तीन मिनिटं फोटोला मिळतात आणि मग उडून जातो. घरात आधी सांगून ठेवा. सासूबाईंनी एकदा लोणच्याची समजून डबी उघडली होती, तेव्हापासून माझ्या डब्यांना लाल दोरा असतो.

मोजमापाचा सापळा मोठा आहे. पुस्तकात लिहिलेला ‘पंखविस्तार’ म्हणजे पंख पूर्ण पसरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर. तुमच्यापुढे बसलेल्या पतंगाचे पंख मिटलेले असतात. तेव्हा एका पुढच्या पंखाची लांबी मोजा, खांद्यापासून टोकापर्यंत, आणि वहीत ‘पुढचा पंख इतके मिमी’ असंच लिहा. पंखविस्तार साधारण त्याच्या दुपटीहून थोडा जास्त असतो. हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे माझे सगळे पतंग पुस्तकातल्यांच्या निम्मेच भरायचे.

५. बसण्याच्या ढबीवरून कुळ

जातीच्या मागे लगेच धावू नका. आधी कुळ. गर्दीत माणूस चालीवरून ओळखावा तसा पतंग बसण्यावरून ओळखता येतो.

इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा, काडीएवढे पंख आडवे ताणून बसला असेल तर तो पिसारी पतंग. तूर लावणाऱ्यांना हा चांगला ठाऊक आहे. तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्यांत याची अळी असते. पंख मिटून घंटेसारखा आकार झाला तर टॉर्ट्रिसिडी कुळ बघा. तोंडापुढची शिंगं विळ्यासारखी डोक्यावर वळलेली आणि अंग अरुंद असेल तर गेलेकिडी. कपाशीची गुलाबी बोंडअळी याच कुळातली. अख्ख्या विदर्भाला तिची अळी माहीत आहे, पण तिचा करडा-तपकिरी बारका पतंग समोर धरला तर किती जण ओळखतील कोण जाणे. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावणारे मात्र ओळखतात.

डोक्यावर विस्कटलेल्या केसांचा झुपका असेल तर टिनिडी, म्हणजे आपल्या लोकरीच्या कपड्यांना लागणारी कसर ज्यांच्यात मोडते ते. आणि लांब पाय, चपटा त्रिकोण, तोंडापुढे चोचीसारखं काहीतरी पुढे आलेलं असेल तर क्रॅम्बिडी. पावसाळ्यात दिव्यावर येणाऱ्या बारक्या देखण्या पतंगांत यांचा वाटा मोठा असतो, म्हणून नवख्याने सुरुवात क्रॅम्बिडीपासूनच करावी असं माझं मत. रंग ठळक, पट्टे स्पष्ट, आणि बऱ्याचशांच्या अळ्या आपल्याच भाजीपाल्यावर सापडतात.

६. जात ठरवताना जुळ्यांपासून सावध

आता माझ्या तपकिरी पतंगाकडे येते. क्रॅम्बिडी कुळातला तो स्पोलॅडिया रिकर्व्हॅलिस निघाला. पंखविस्तार २२ ते २४ मिमी, रंग गडद तपकिरी. पुढच्या पंखाच्या मधून एक रुंद पांढरा पट्टा खाली उतरतो आणि तोच मागच्या पंखावरच्या पट्ट्याशी जुळून जणू एक सलग रेघ होते. पुढच्या पंखाच्या टोकाकडे वरच्या कडेला लागून आणखी एक आखूड पांढरी रेघ, आणि तिच्याखाली दोन पांढरे ठिपके.

मी वहीत लिहिलं होतं हायमेनिया पर्स्पेक्टॅलिस. तोही तपकिरी, तोही पांढऱ्या पट्ट्यांचा, आणि दोघांच्याही अळ्या माठाच्या भाजीवरच्या. फरक पट्ट्यांत आहे: त्याचे पट्टे अरुंद असतात आणि सलग न जाता मध्ये दातासारखे बाहेर येतात. वरून घेतलेल्या फोटोत हे पाच सेकंदांत दिसतं. बाजूच्या फोटोत कधीच नाही.

त्यात नावांचा आणखी एक गुंता. जुन्या शेतकी पुस्तकांत याच स्पोलॅडियाला हायमेनिया रिकर्व्हॅलिस म्हटलेलं सापडेल. म्हणजे दोन जुळे, आणि एकाने पूर्वी दुसऱ्याचं आडनाव लावलेलं. जुनं पुस्तक वाचताना नाव सापडलं की ते आज कोणत्या नावाने चालतं हे तपासल्याशिवाय वहीत उतरवू नका.

तपासायचं कुठे? ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर कुळाप्रमाणे पानं लावलेली आहेत, तुमचा फोटो शेजारी ठेवून ती सगळी बघा. कंटाळवाणं आहे. पण अशी दोनशे पानं नजरेखालून गेली की डोळा तयार होतो, त्याला दुसरा उपाय मला तरी मिळालेला नाही. ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ आणि ‘आयनॅचरलिस्ट’वर इतरांच्या नोंदी दिसतात. आयनॅचरलिस्टचं ॲप स्वतः नावं सुचवतं, तिथे दोन खड्डे आहेत. एक, सुचवलेली जात अमेरिकेतली किंवा युरोपातली असू शकते. जिथे फोटो जास्त तिथली नावं पुढे. नावावर टिचकी मारून नकाशा उघडा, भारतात एकही ठिपका नसेल तर तो पर्याय बाजूला ठेवा. दोन, दोघांचं एकमत झालं की नोंदीला वरचा दर्जा मिळतो, पण दुसरा माणूस कधीकधी नुसता पहिल्याच्या होला हो करतो. त्या दोघांत आपण स्वतः एक असतो, हेही विसरू नका.

७. झाड बघा

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. पतंग चार दिवस उडतो, अळी आठवडेच्या आठवडे खाते. त्यामुळे त्याचा खरा पत्ता म्हणजे अळीचं झाड.

पुढच्या पावसाळ्यात परसातल्या माठाची पानं एकमेकांना जाळीने चिकटलेली दिसली. आत हिरव्या, काचेसारख्या अळ्या. त्यातल्या तीन मी बरणीत माठाच्या पानांसकट ठेवल्या, तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं, रोज ताजी पानं दिली आणि विष्ठा काढून टाकली. तळाशी दोन बोटं माती घातली होती. एक अळी मेली. दुसरीतून पतंग न निघता बारकी गांधीलमाशी निघाली. पतंगाच्या अळीत अंडी घालणाऱ्या अशा माश्या पुष्कळ असतात, तेव्हा घाबरू नका, तीही नोंदच आहे. तिसरीतून जो बाहेर आला तो अंग वाळवत पंख पसरून बसला आणि त्याच्या पंखांवर तो रुंद, सलग पांढरा पट्टा होता. ओटीवरच्या दिव्यापासून माठाचा वाफा वीस पावलांवर. वर्षभर मी नाव शोधत होते, आणि त्याचं घर मी दर दोन दिवसांनी भाजीला खुडत होते.

काही वेळा पतंग दिसायचीही गरज नसते. कुंडीतल्या लिंबाची कोवळी पानं बघा. त्यांवर चंदेरी, नागमोडी रेघ आणि रेघेच्या मधून काळसर धागा असेल, पानाची कड वळलेली असेल, तर ती फायलोक्निस्टिस सिट्रेलाची नागअळी. धागा म्हणजे तिची विष्ठा, वळलेल्या कडेत तिचा कोष. पतंग पंख पसरून जेमतेम चार-पाच मिमी, रुपेरी, पंखाच्या टोकाला एक काळा ठिपका. तो दिव्यावर आला तरी तुम्ही धूळ समजून पुसाल. झाड आणि रेघ एवढ्यावरच ओळख पक्की होते. १८५६ साली या जातीचं पहिलं वर्णन झालं ते कलकत्त्याच्या नमुन्यांवरून, आणि १९९३मध्ये ती थेट फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागांत पोचली.

सावध एवढ्याचसाठी, की शेतकरी ‘नागअळी’ हा शब्द माशीच्या अळीलाही वापरतात. टोमॅटोच्या पानावर सडपातळ वेटोळी रेघ असेल तर ती बहुधा माशीची. पानात रुंद, पापडासारखे पारदर्शक डाग पडले असतील तर टूटा अब्सोल्यूटा या पतंगाचा संशय घ्या. हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा; २००६मध्ये स्पेनमध्ये आला आणि भारतात पहिल्यांदा २०१४ साली महाराष्ट्रातच टोमॅटोवर सापडला. २०१०च्या पुस्तकात ‘भारतात नाही’ असं लिहिलेलं असेल तर ते पुस्तक तेव्हा बरोबर होतं.

आणि झाडामुळे एका जातीच्या दोन झाल्याचंही उदाहरण आहे. पिवळ्या-केशरी पंखांवर काळे ठिपके असलेला कोनोगेथेस आपल्याकडे एरंड, पेरू, डाळिंब अशा कशाकशावर आढळतो. वेलदोड्यासारख्या आल्याच्या कुळातल्या झाडांवरचाही तोच, असंच वर्षानुवर्षं धरलं जात होतं. २०१८ साली तो वेगळा काढला गेला आणि त्याला कोनोगेथेस सह्याद्रिएन्सिस असं नाव मिळालं, आपल्या सह्याद्रीचंच. दिव्यावर बसलेल्या ठिपकेवाल्याचा फोटो घेऊन तुम्ही ‘हा कोणता’ विचारलंत तर प्रामाणिक उत्तर ‘कोनोगेथेस’ एवढंच. अळी कशात होती हे सांगितलंत तर पुढे बोलता येतं.

८. पत्ता लिहिताना

दिव्यावर आला म्हणजे तिथे राहतो, असं नाही. एसटी स्टँडवर दिसलेला माणूस त्या गावचा असेलच असं कुठे आहे? स्पोलॅडियासारखे काही बारके पतंग लांब लांब प्रवास करतात. काही भाजीच्या करंड्यांतून, रोपांच्या कुंड्यांतून येतात. म्हणून माझ्या वहीत दोन वेगळे रकाने आहेत: ‘दिसला’ आणि ‘वाढला’. अळी झाडावर मिळाली तरच दुसऱ्यात टिकमार्क.

प्रत्येक नोंदीत मी हे लिहिते: तारीख आणि वेळ, गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, कोणता दिवा, चंद्र आणि पाऊस, पुढच्या पंखाची लांबी, कशावर बसला होता, दहा पावलांच्या आत कोणती झाडं. शेवटचं लिहायचा कंटाळा येतो. तेच नंतर उपयोगी पडतं. झाडाचं नाव माहीत नसेल तर पानाचा फोटो काढून ठेवा.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो नोंदीला वापरू नका, त्यातली तारीख आणि जागा पुसलेली असते. मूळ फोटोच हवा. सुट्टीत कोकणात काढलेले फोटो पुण्याला परतल्यावर एकगठ्ठा चढवलेत तर जागा एकदा डोळ्यांनी तपासा, नाहीतर गुहागरचा पतंग कोथरूडला नांदायला लागतो. आपलं राहतं घर नकाशावर उघड नको असेल तर जागा धूसर ठेवायची सोय ॲपमध्ये आहे.

९. थांबायचं कुठे

भिंतीवर, पंख्याच्या वायरवर, देवघराच्या मागे भोपळ्याच्या बीसारखं करडं, चपटं काहीतरी चिकटलेलं असतं. दमट हवेच्या गावांत, मुंबईच्या फ्लॅटांत तर हमखास. ते चालतं. नीट बघत राहा: एका टोकातून तपकिरी डोकं निघतं, सरकतं, आणि वाट अडली की आतल्या आत वळून दुसऱ्या टोकातून बाहेर येतं. टिनिडी कुळातल्या फेरेओका या प्रजातीची (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) ही अळी. रेशमाच्या पिशवीला वाळू, धूळ, धागे चिकटवून केलेलं कवच ८ ते १४ मिमी लांब होतं. खाणं म्हणजे कोळ्याची जुनी जाळी, मेलेले किडे, केस, लोकर. पनामामध्ये एका संशोधिकेने त्या वाढवल्या तेव्हा अंड्यापासून पतंगापर्यंत सुमारे अडीच महिने लागले होते. निघणारा पतंग करडा, बारका, कुणाचं लक्ष जाणार नाही असा.

कवचावरून बहुधा प्रजातीपर्यंत जाता येतं. जात मात्र नाही. बऱ्याच बारक्या पतंगांत दोन जातींमधला फरक पंखांवर नसतोच. पोटाच्या टोकाशी असलेले जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली उलगडून बघावे लागतात, नाहीतर डीएनएचा ठरावीक तुकडा वाचावा लागतो. ते काम मुंबईच्या बीएनएचएससारख्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणासारख्या संस्थांतल्या जाणकारांचं. म्हणून फोटो कितीही स्वच्छ आला तरी कोणी ‘फेरेओका’च्या पुढे छातीठोक नाव सांगितलं तर त्याला विचारा, कशावरून?

माझ्या वहीत आजच्या घडीला २१४ नोंदी आहेत. त्यातल्या नव्वदच्या वर फक्त कुळापर्यंत पोचल्यात, काहींपुढे नुसतं ‘बारका, करडा, केसाळ डोकं’. सुरुवातीला ती कोरी जागा टोचायची, आणि मी काहीबाही भरायचे. आता पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढते आणि झाडांचा रकाना भरून ठेवते. मागच्या महिन्यात देवघरामागच्या भिंतीवरून उतरवलेलं एक कवच चटणीच्या डबीत आहे, लाल दोरा बांधलेलं. अळी अजून डोकं काढते.